पटातील ताडन : दोष कोणाचा?

अहिंसा हे परमार्गातील आचाराचे मूळ आहे, हे साधनवंतांस नव्याने सांगावयास नको. परंतु मूळ एक असले तरी व्यवहारातील त्याचा विस्तार गुंतागुंतीचा असतो. एका जीवाला दुःख देणारा हात एकाचा, त्यामागील इच्छा दुसऱ्याची, धन तिसऱ्याचे आणि आनंद हजारोंचा, अशी जेथे स्थिती असते तेथे दोष कोणाच्या पदरी घालावा हा प्रश्न सोपा राहत नाही. वऱ्हाडातील शंकरपट हे असेच एक ठिकाण होय.

पटाचे स्वरूप वऱ्हाडी वाचकांस परिचित आहे. कापसाची वेचणी सरत आली, शेतातील कामाची घाई ओसरली, म्हणजे गावोगावी पट भरू लागतात. हलक्या लाकडी छकडीस दोन बैल जुंपतात. धुरकरी तिच्यावर बसतो. आणि सरळ आखलेल्या धावपट्टीवरून जोडी सोडली जाते. किती क्षणांत तिने अंतर तोडले हे घड्याळावर सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजले जाते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर सर्व विदर्भात नावाजलेला आहे. पश्चिम महाराष्ट्रात यालाच बैलगाडा शर्यत म्हणतात. तेथील रीत थोडी निराळी, पण बैल, गाडी आणि वेग ही तिन्ही तीच.

हा खेळ ज्यांचा, ते लोक बैलाचे वैरी नव्हेत, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुका घ्या. काटेपूर्णेचे धरण याच तालुक्यात महान येथे असले, तरी पुष्कळशी शेती अद्याप पावसावरच उभी आहे. अशा कोरडवाहू भागातील शेतकऱ्याचे बैलाशी असलेले नाते केवळ मालक आणि जनावर एवढेच नसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून शेकतो. जुवाने वर्षभर घासलेल्या त्या जागेवर हात फिरवून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही, पुरणपोळीचा पहिला घास त्याला देतो. हाच मनुष्य पटाच्या दिवशी धावपट्टीच्या कडेला उभा राहून धुरकऱ्याला 'हाण, हाण' म्हणून ओरडतो. एकाच अंतःकरणात ही दोन्ही कशी राहतात, हा विचाराचा खरा विषय आहे. क्रूर मनुष्याच्या क्रूरतेचे निरूपण सोपे असते. प्रेमळ मनुष्याच्या क्रूरतेचे कठीण.

आता व्यवहारातील नियम काय आहेत ते थोडक्यात पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. जनावरास मारणे, लाथाडणे, शक्तीबाहेर हाकणे हे त्याने अपराध ठरविले. पण पहिल्या अपराधास दंड ठेविला तो १० ते ५० रुपयांचा. म्हणजे आज चहा-फराळास जेवढे लागते तेवढ्यात एका जीवाच्या वेदनेचा हिशेब मिटत असे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाने प्रदर्शनासाठी व खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या प्रकरणात निर्णय देताना बैलगाड्यांच्या शर्यतीही निषिद्ध ठरविल्या. शेपटी पिरगाळणे, ती दातांनी चावणे, टोकदार काठीने टोचणे, मद्य पाजणे असे जे प्रकार त्या वेळी न्यायालयासमोर मांडले गेले, ते वाचताना कोणाही सहृदय मनुष्याचे मन विषण्ण होते.

पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने राज्यापुरती दुरुस्ती करून अटींसह शर्यतींस मार्ग मोकळा केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यास स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटक यांच्याबरोबर महाराष्ट्राचीही दुरुस्ती वैध ठरविली. अटी अशा की, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आयोजकांनी ५० हजार रुपये अनामत ठेवावी, धावण्याचे अंतर १००० मीटरांहून अधिक नसावे, पशुवैद्याने बैलांची तपासणी करावी. आणि गाडी हाकणाऱ्याजवळ काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका देणारे साधन असू नये. नियम मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पन्नास रुपयांवरून पाच लाखांपर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

येथवर कायद्याचे क्षेत्र झाले. धर्मविचाराचे क्षेत्र याच्या पुढे सुरू होते. धुरकऱ्याने तुतारी टोचली, चाबूक ओढला, तो पकडला गेला, त्यास शासन झाले; एवढ्याने त्या ताडनाचा दोष फिटला काय? आणि तो दोष मुळात त्याच्या एकट्याचा होता काय?

याविषयी पहिला पूर्वपक्ष असा मांडला जातो की, जीव आपल्या कर्माची फळे योनीयोनीतून भोगीत असतो. बैलाचा देह हा भोगदेह. त्याच्या पाठीवर पडणारा फटका हे त्याच्याच पूर्वकर्माचे फळ. धुरकरी केवळ निमित्त. मग निमित्तास दोष का द्यावा? हा पक्ष अडाणी मनुष्याच्याच तोंडी असतो असे नाही. शास्त्राचे चार शब्द कानी पडलेले लोकही तो मोठ्या समाधानाने बोलतात. परंतु यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. भोगणाऱ्याचा भोग त्याच्या कर्माचा असेल. करणाऱ्याचे कर्म मात्र करणाऱ्याचेच राहते. कर्मफळ देण्याची व्यवस्था देवतांकडे आहे. ती मनुष्याकडे, त्यातही तुतारी हाती घेतलेल्या मनुष्याकडे, कोणी सोपविलेली नाही. शिवाय हा युक्तिवाद जो करतो तो तो केवळ दुसऱ्याच्या पाठीविषयी करतो. त्याच्याच अंगावर कोणी काठी उगारली असता 'हे माझे पूर्वकर्म' असे म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य अजून पाहण्यात यावयाचा आहे. मनुष्यदेह हा कर्म करण्याचा देह आहे. म्हणूनच त्याला विधिनिषेध सांगितले, बैलाला नाहीत. अधिकार ज्याला, उत्तरदायित्वही त्यालाच.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे, आणि त्यास चटकन उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो असा : शेतकरी नांगरताना, वखरताना, भरली गाडी चढावरून नेताना बैलास हाकतो, तेथेही तुतारी असते, तेथेही प्रसंगी फटका बसतो. जे ताडन शेतात चालते ते पटात मात्र पाप, असे का? शेतातले सोडून पटातलेच तेवढे निंद्य मानणे हा ढोंगीपणा नव्हे काय?

यावर पहिली गोष्ट ही की, शेतातील ताडनही निर्दोष आहे असे कोणी म्हटलेले नाही. प्रपंचात राहणाऱ्या वासनिकाच्या हातून जी अनेक प्रकारची हिंसा घडते तीत तीही आहे. तिचा अनुताप त्याने बाळगावयाचा असतो, आणि ती कमी करीत न्यावयाची असते. परंतु दोष सर्वत्र समान नसतो. प्रयोजनाने त्यात भेद पडतो. नांगर ओढणाऱ्या बैलाच्या श्रमाचा एक वाटा त्याच्याच दावणीला परत येतो. ज्या ज्वारीसाठी तो राबतो तिचा कडबा तो खातो. सोयाबीनचे कुटार, सरकीची ढेप त्याच्या पुढ्यात पडते. तो आणि त्याचा धनी एकाच पावसावर अवलंबून असतात, एकाच दुष्काळात दोघेही उपाशी राहतात. पटातील वेगात बैलाचा असा कोणता वाटा आहे? चषक, रोख रक्कम, वर्तमानपत्रातील छायाचित्र, पंचक्रोशीतील नाव, हे सर्व मनुष्याचे. आपण जिंकलो की हरलो हेही त्याला ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती मागून येणारी आरोळी आणि पाठीवरची आग. ज्या श्रमात ज्याचा काहीच अर्थ गुंतलेला नाही, त्या श्रमासाठी त्याला मारणे आणि दोघांच्या पोटासाठी केलेल्या कामात त्याला हाकणे, या दोहोंस एक म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, शेतातील हाकण्याला शेतकऱ्याचा स्वार्थच आवर घालतो. बैल आज मोडला तर उद्या तास पडणार नाही, हे तो जाणतो. म्हणून तो त्याला दुपारी सोडतो, पाण्यावर नेतो, सावलीत बांधतो. पटात हा आवर सुटतो, कारण तेथे उद्याचा हिशेब नसून आठ-दहा सेकंदांचा असतो. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे लक्षण सांगितले आहे त्यात परिणाम, हानी, हिंसा आणि सामर्थ्य या चारींकडे दुर्लक्ष करून मोहाने आरंभिलेले कर्म, असा आशय आहे. यातील चौथे पद विशेष विचारणीय आहे. आपले सामर्थ्य न पाहणे एवढाच त्याचा अर्थ घेण्याचा प्रघात आहे. पण दुसऱ्याच्या बळावर जो कर्म करतो त्याने त्या दुसऱ्याचेही सामर्थ्य पाहिले पाहिजे, हे ओघानेच येते. थकलेल्या बैलास मारणारा नेमके हेच पाहण्याचे नाकारतो.

आता 'मर्यादेबाहेर' या शब्दाकडे वळू. लोकव्यवहारात असे बोलले जाते की थोडा चाबूक चालावयाचाच, अति मात्र नको. पाश्चात्त्य देशांत हलक्या दोनचाकी गाडीस घोडा जुंपून दुडक्या चालीच्या शर्यती होतात. स्वरूपाने त्या आपल्या पटास सर्वांत जवळच्या. तेथेही हाच वाद दीर्घकाळ चालला असून, अति ताडन करणाऱ्या गाडी हाकणाऱ्यास दंड करणे किंवा काही काळ शर्यतीतून दूर ठेवणे ही रीत आहे. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत चाबकाने मारण्यास बंदी केली. ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यतीत मात्र मोजमापाचा मार्ग धरला गेला. २०२३ पासून तेथे सपाट धावेत सहा आणि अडथळ्यांच्या धावेत सात फटके, अशी कमाल मर्यादा आहे.

सहावा फटका नियमात बसतो आणि सातवा बसत नाही, हे पंचांच्या सोयीचे आहे. ज्याच्या पाठीवर ते पडतात त्याच्या दृष्टीने सहाव्यात आणि सातव्यात भेद काय? उलट सातवा हा सहाव्याने सुजलेल्या कातडीवर पडतो, आणि सहावा पाचव्याने. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घोड्याची आणि मनुष्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून असे दाखविले की, वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या बाबतीत वरच्या थरात दोहोंमध्ये लक्षणीय अंतर नाही. जनावराची कातडी जाड, त्याला काय लागते, ही आपली समजूत आपल्या सोयीची आहे एवढेच यावरून कळते. त्याहून विलक्षण निष्कर्ष सिडनी विद्यापीठातील संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासाचा आहे. घोडे सर्वाधिक वेगाने धावले तो टप्पा त्यांना चाबूक न बसलेला होता. चाबूक चालला तो शेवटच्या ४०० मीटरांत, त्यांचा दम संपत आला असता. आणि त्या फटक्यांनी वेगात म्हणण्यासारखा फरक पडल्याचे आढळले नाही. म्हणजे फटका मारला जातो तो वेग यावा म्हणून नव्हे, तर वेग उतरू लागल्याची चीड आली म्हणून. ही चीड विकाररूप आहे. विकार हिंसेस कसा जन्म देतो याचे याहून उघड उदाहरण शोधावयास नको.

यावरून महाराष्ट्राचा नियम एका अर्थी ब्रिटनच्या नियमाहून शुद्ध ठरतो, हे मान्य केले पाहिजे. त्याने फटके मोजण्याचा व्यापार न करता साधनच हातातून काढून घेतले. परंतु नियमाची शुद्धता आणि पटावरील वास्तव यांत अंतर असते. चाबूक नाही तर कासऱ्याचे टोक आहे. तुतारी नाही तर मुठीत दडणारा खिळा आहे. काहीच नाही तर शेपटी आहेच. ज्या पटात सेकंदाचा शतांश मोजण्यासाठी घड्याळ लावलेले असते आणि त्याच्या काट्यावरून दोन गावे हमरीतुमरीवर येतात, त्या पटात धुरकऱ्याच्या मुठीकडे लक्ष ठेवण्यासाठी किती डोळे नेमलेले असतात? मनुष्य जे मोलाचे मानतो तेच मोजतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्ता कोण?

धुरकरी हा पुष्कळदा बैलांचा धनी नसतो. बैल एकाचे, आणि हाकणारा चपळ अंगाचा, हलक्या वजनाचा, पुष्कळदा भूमिहीन असा एखादा तरुण. जोडी जिंकली तर नाव धन्याचे. हरली तर शिव्या धुरकऱ्याला. पाच-सहा लाखांची जोडी ज्याच्या हाती दिली आणि 'काही कर पण नंबर आण' असे ज्याला बजावले, त्या पोराने शेवटच्या टप्प्यात शेपटी पिरगाळली, तर ते कर्म त्याचे एकट्याचे कसे? पकडला गेला असता गुन्हा त्याच्यावर, कोठडी त्याला. आणि ज्याने बजावले तो दुसरा धुरकरी पाहतो. दंड असा खाली खाली उतरत सर्वांत दुबळ्या मनुष्याशी येऊन थांबतो, आणि बाकीच्यांना आपण स्वच्छ आहोत असे वाटू लागते. हा अन्याय केवळ सामाजिक नाही. तो विचारातीलही आहे, कारण त्याने कर्माचा कर्ता चुकीचा ठरविला जातो.

गीतेने कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता त्यांतील केवळ एक. जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याची बुद्धी अपक्व, हे तेथे अहंकाराच्या निरसनासाठी सांगितले आहे. परंतु तोच न्याय उलट दिशेनेही लावता येतो : जो दुसऱ्यालाच एकटा कर्ता समजतो त्याचीही बुद्धी तितकीच अपक्व. पटाचे मैदान ज्यांनी उभे केले, बक्षिसाची रक्कम ज्यांनी चढवीत नेली, जोडी ज्यांनी उतरविली, त्यांच्यावाचून तो फटका पडलाच नसता. पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली असे तीन प्रकार मानले आहेत, ते सर्वश्रुत आहे. धुरकरी पहिल्या प्रकारात. धनी आणि आयोजक दुसऱ्यात. तिसऱ्यात कोण, हे सांगताना मात्र अनेकांना अवघड वाटेल. कारण तेथे धावपट्टीच्या दोन्ही कडांना उभा असलेला सर्व गाव येतो, आणि त्या गावात वासनिकही असतात.

येथे सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या सशाच्या लीळेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भ्यालेला ससा धावत येऊन प्रभूंच्या आश्रयास राहिला आणि मागोमाग पारधी आले, ही कथा आपल्यातील लेकरांनाही पाठ असते. परंतु तिच्यातील एका लहानशा गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. पारध्यांनी ससा परत मागितला तो भूक लागली म्हणून नव्हे. तो होडेचा ससा होता. त्या सशावर पैज लागली होती, आणि तो हातचा गेला तर आपसात शस्त्रे निघतील असे भय त्यांनी बोलून दाखविले. म्हणजे त्या जीवाचा प्राण एका स्पर्धेच्या जयापजयाशी बांधला गेला होता. प्रभूंनी त्यांच्या या अडचणीचे वजन सशाच्या प्राणापुढे मानले नाही. त्यांनी ससा रक्षिला. आणि पारध्यांना दंड न करता निरूपण केले. होड कोणाची, पहिला बाण कोणाचा, कुत्रा कोणाचा, असा विभाग त्यांनी पाडला नाही. जे मागण्यास आले होते त्या सर्वांशी ते बोलले. शंकरपटातील बैल हा होडेचाच बैल आहे. फरक एवढाच की ससा सुटून पळू शकला. बैलाच्या नाकात वेसण असते.

मग शासन कसे असावे? दंड आणि प्रायश्चित्त यांतील भेद आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे. दंड बाहेरून येतो. प्रायश्चित्तास आतून अनुताप लागतो. पाच लाखांचा दंड भरणारा मनुष्य अनुतापाने नव्हे तर हिशेबाने शहाणा होतो, आणि पुढच्या वेळी अधिक जपून चोरी करतो. तथापि म्हणून दंड निरुपयोगी असेही म्हणता येत नाही, कारण अनुताप होईपर्यंत बैलाने वाट पाहावी असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे? दंड असावा, पण तो कर्माच्या फळाशी जोडलेला असावा. ब्रिटनमध्ये पूर्वी मर्यादा ओलांडणाऱ्या स्वारास शिक्षा होई, परंतु घोड्याची जीत कायम राही. म्हणजे मारलेल्या फटक्याचे फळ धन्याला मिळतच असे. २०२३ च्या नियमांनी मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके मारल्यास ती धावच बाद ठरविली. यामागील विचार योग्य दिशेचा आहे. ज्या कर्माचे फळच हाती लागत नाही ते कर्म करवून घेण्यास कोणी कोणाला बजावीत नाही. पटातही टोचलेल्या, मारलेल्या जोडीची वेळच धरली जाऊ नये, आणि धन्याने त्या हंगामात दुसरी जोडी उतरवू नये, असे ठरले तर धुरकऱ्याला 'काही कर' म्हणणारा धनीच उद्या 'हात लावू नको' म्हणू लागेल. आयोजकांकडून अनामत घेण्याच्या नियमात हे तत्त्व बीजरूपाने आहे. ते धन्यापर्यंत पोहोचविणे राहिले आहे.

येथे पटाचे कैवारी एक मुद्दा काढतात, तो टाळता येण्यासारखा नाही. ट्रॅक्टर आल्यापासून शेतात बैलाचे काम कमी झाले; पट बंद पडले तर गवळाऊ किंवा खिल्लार यांसारख्या देशी जातीचा गोऱ्हा कोण सांभाळील? मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. मग न लागणाऱ्या बैलाचे काय करावे? पटासाठी पाळलेल्या बैलास खुराक मिळतो, मालीश होते, ऊन-पावसात आडोसा मिळतो, हे खरेच आहे. परंतु या युक्तिवादाने सिद्ध होते ते एवढेच की बैल पाळण्यास काही प्रयोजन हवे. त्यास मारण्यास प्रयोजन हवे, हे यातून निघत नाही. मारल्यावाचून पट होत असेल तर या मुद्द्याला अडचण नाही. आणि मारल्यावाचून तो होतच नसेल तर जातीच्या रक्षणासाठी त्या जातीच्याच प्रत्येक बैलाची पाठ सोलावी असे म्हणावे लागेल. सशाचा वंश टिकावा म्हणून पारध हवी, असा हा न्याय झाला.

राहिला प्रश्न वासनिकांचा आणि आश्रमांचा. गावात पट भरतो तेव्हा वर्गणीची पावती सर्वांच्या दारी येते, आणि ती नाकारणे गावात राहून कठीण असते, हे ज्यांनी गावात दिवस काढले त्यांना सांगावयास नको. नाकारता आली तर उत्तमच. नाकारता येत नसेल तर वर्गणी देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो, तो फारच थोडे लोक वापरतात. एखाद्या महंतांना उद्घाटनाचा नारळ फोडण्यास बोलावले जाते, तेव्हाही तसेच. ज्याच्या उपस्थितीने खेळाला प्रतिष्ठा येते त्याने त्या खेळात काय चालते हे विचारल्यावाचून जाऊ नये. आणि हे सर्व बोलण्यापूर्वी ज्या आश्रमांना शेती आहे त्यांनी आपल्या गोठ्यातील तुतारी हाती घेऊन तिच्या टोकाला आर किती लांब ठोकली आहे ते पाहावे. पूर्वी वऱ्हाडातील वासनिक गाड्या जुंपून रिद्धपूरच्या यात्रेस जात. दंडवत घालण्यास निघालेल्या गाडीचे बैल वाटेत कोणत्या रीतीने हाकले जात होते, हे आता कोणाला विचारता येणार नाही. पण आश्रमाच्या गड्याला आज विचारता येते.

पटाच्या समितीवर जे वासनिक असतील त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. बैलांची तपासणी पळण्यापूर्वी होते. ती पळून आल्यावरही व्हावी. मुका जीव साक्ष देऊ शकत नाही आणि प्रेक्षक देत नाहीत. धुरकरी तर नाहीच म्हणणार. पण वळ दिसतो, टोचलेल्या जागी रक्ताचा थेंब येतो, पिरगाळलेली शेपटी नीट हलत नाही. पशुवैद्याने जोडी छकडीपासून सोडताक्षणी पाठ, मांड्या आणि शेपटी पाहावी, आणि मगच पंचांनी तिची वेळ फळ्यावर लिहावी. बक्षीस वाटून झाल्यावर ही तपासणी करण्यात अर्थ नाही. कारण तोवर जोडी वाजतगाजत गावाकडे निघालेली असते, आणि तिच्या पाठीवर गुलालाचा इतका जाड थर चढलेला असतो की त्याखालचे काहीच दिसत नाही.